मुंबईचं बंदर एवढं झकास, तर इतकी शतकं ते कुणाला दिसलं कसं नाही?

नकाशेबाज

पश्चिम किनाऱ्याचे जुने-नवे सागरी नकाशे चाळायचा नाद लागलाय, त्यातून पडलेला प्रश्न.

कच्छपासून खाली केरळपर्यंत या. बंदरं पुष्कळ आहेत, पण बरीचशी नदीच्या मुखाशी. तोंडावर वाळूचा दांडा आणि आत शिरायला भरतीची वाट बघणं आलं. आणि मध्येच मुंबई! सुमारे ४०० चौरस किलोमीटर पाणी. पश्चिमेला मुंबई आणि साष्टी ही बेटं आडवी पडलेली, पूर्वेला उरण-पनवेलची जमीन आणि मागे डोंगर, उत्तरेला ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, दक्षिणेकडे करंजा आणि धरमतर. मोठ्या दर्याकडे उघडं तोंड फक्त दक्षिणेला. पावसाळ्यात बाहेर नैर्ऋत्येचा वारा थैमान घालत असताना आत जहाज नांगर टाकून राहू शकतं. वर मध्ये घारापुरी, जवाहर द्वीप अशी बेटं.

असं असूनही जुन्या व्यापारात नावं कुणाची? सोपारा, कल्याण, चौल, ठाणे, दाभोळ. पोर्तुगीजांकडे १५३४ पासून ही बेटं होती, पण त्यांनी बस्तान बसवलं वसईला, आणि १६६१ च्या तहात मुंबई लग्नात आंदण देऊन टाकली. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजालाही तिचं काय करावं कळेना, त्यानं १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्यानं कंपनीला दिली.

माझं मत: 'नैसर्गिक बंदर' ही नंतर चिकटवलेली पाटी आहे. निसर्गानं एक भलीमोठी चिखलाची खाडी दिली होती, बंदर माणसांनी केलं. तुम्हाला काय वाटतं?

टवाळ

पहिला! आता वाचतो.

टवाळ

वाचलं. वर्षाला १० पौंड म्हणजे आज दक्षिण मुंबईत गाडी तासभर उभी करायला पुरणार नाहीत. चार्ल्सभाऊ गंडले.

पुरावाद्या

मूळ प्रश्नाची मांडणीच मान्य नाही. बंदर 'दिसले नाही' हे कशावरून? कल्याण उल्हास नदीवर आहे. तिथे जायचे तर एक तर वसईच्या खाडीतून किंवा याच बंदरातून ठाण्याच्या खाडीने वर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख आहे आणि तो गमतीचा आहे. आधी तिथे रीतसर व्यापार चालत असे. नंतर सत्ता बदलली, आणि चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे या पाण्यावर हक्क कुणाचा, यावरून दोन हजार वर्षांपूर्वीही राजकारण चालू होते.

घारापुरीला रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. तिथली मोठी लेणी साधारण सहाव्या शतकातली. एवढे काम भर पाण्यातल्या ओसाड बेटावर कुणी उगाच करत नाही. शिलाहारांची राजधानी ठाण्याला होती, मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो. हे सगळे तुमच्या ४०० चौरस किलोमीटरच्या काठावर किंवा त्याला जोडलेल्या खाड्यांवरच आहे. गावे बदलली, पाणी तेच.

नकाशेबाज

@पुरावाद्या, मुद्दा घेतला. पण मग सगळे खाड्यांच्या आतल्या टोकाला का बसले? ठाणे, कल्याण, पनवेल, नागोठणे. खोल पाणी तर कुलाबा-माझगावच्या बाजूला. तिथे कोळीवाडे आणि नारळ-ताडाच्या वाड्या.

मोऱ्याची लाँच

उरणकडचा आहे म्हणून सांगतो. खोल पाणी हवं कुणाला? आमच्या पूर्वजांच्या मचव्याला आणि पडावाला नको होतं. त्यांना हवा होता चिखल.

आमच्या पाण्यात उधाणाला भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे दीड मजला. भरतीबरोबर होडी खाडीत आत घ्यायची, ओहोटीला ती चिखलात अलगद बसते, माल उतरवायचा, पुढच्या भरतीला बाहेर. धक्का नको, क्रेन नको. भरतीचा ओघच तुम्हाला पंधरा-वीस मैल आत नेतो. अंबा नदीनं नागोठण्यापर्यंत गेलात की पुढे बैलांचे तांडे घाटावर जायला तयार. पनवेलहून बोरघाट, कल्याणहून माळशेज आणि नाणेघाट. मग कुलाब्याला थांबून कुणाला काय मिळणार होतं? तिथून पुढे पुन्हा होडीच.

भांगाच्या दिवसांत मात्र पाणी फार चढत नाही. आमची आजी खाजणात निघालेल्याला हटकायची, "भांगाचा पानी हाय, आत अरकशील." सहा तास चिखलात बसायची वेळ यायची.

शेवंताबाई

@मोऱ्याची लाँच, मस्त प्रतिसाद. "अरकशील" वाचून माहेर आठवलं. निवट्या मिळतात का हो अजून खाजणात?

मोऱ्याची लाँच

मिळतात ताई, पण कुठल्या खाडीतल्या आहेत ते विचारून घ्या. काही ठिकाणच्या आम्हीच खात नाही.

सिडनीवासी सावंत

इथे सिडनीत अगदी हाच प्रश्न विचारता येईल. सिडनीचं बंदर जगात नावाजलेलं, पण क्षेत्रफळ जेमतेम ५५ चौरस किलोमीटर. मुंबईचं त्याच्या सातपट. कॅप्टन कुक १७७० मध्ये या बंदराच्या तोंडावरून गेला, बाहेरूनच 'पोर्ट जॅक्सन' नाव ठेवलं आणि आत न शिरता पुढे निघून गेला. पुढे वसाहतीसाठी शिफारस झाली बॉटनी बे या शेजारच्या उपसागराची, ती केली कुकच्या जहाजावर असलेल्या जोसेफ बँक्सनं. १७८८ मध्ये कैद्यांची जहाजं घेऊन कॅप्टन आर्थर फिलिप तिथे पोचला, तर पाणी उथळ, वाऱ्याला आडोसा नाही, गोड्या पाण्याची बोंब. मग वर येऊन पोर्ट जॅक्सन बघितलं आणि चाट पडला.

पण 'कुणाला दिसलं नाही' म्हणताना इथले मूळचे गाडिगल लोक तिथेच होते, होड्यांतून मासे मारत होते. त्यांना पिढ्यान् पिढ्या दिसतच होतं. हजार टनी जहाज त्यांना लावायचं नव्हतं, एवढंच.

फरक एक आहे. सिडनीची बुडालेली नदीची दरी आहे, वालुकाश्मात खोल कापलेली. काठाशीही चांगलं पाणी, आणि भरती-ओहोटीतला फरक जास्तीत जास्त दोन मीटर. मुंबईत पसारा मोठा, पण बराच भाग उथळ आणि गाळ अखंड. त्यामुळे नकाशेबाज म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे.

गोदीतला माणूस

मी गोदीत नोकरी केली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. दोन गोष्टी सांगतो.

वर पाच मीटरचा फरक आला आहे. होडी चिखलात बसते, पण पोटात माल भरलेलं आगबोटीचं धूड बसलं तर त्याचा कणा मोडेल. म्हणून मुंबईत बंद गोद्या बांधाव्या लागल्या. भिंतींनी वेढलेला तलाव, त्याला दरवाजे. भरतीला दरवाजे उघडायचे, जहाजं आत घ्यायची, दरवाजे बंद. बाहेर ओहोटी लागली तरी आतलं पाणी तेवढंच. प्रिन्स डॉक १८८०, व्हिक्टोरिया डॉक १८८८, आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, १९१४. त्याच्या आधी १८७५ चा ससून डॉक आहेच, आज मासळीसाठी सगळ्यांना ठाऊक असलेला. अलेक्झांड्रा डॉकच्या खोदाईतून जी माती-दगड निघाले त्यांची भर घालून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. ज्या इमारतींचे लोक फोटो काढतात त्या गोदीच्या पोटातून निघालेल्या मातीवर उभ्या आहेत.

दुसरी गोष्ट जंगलाची. प्रिन्स डॉक खणताना गाळाच्या खाली झाडं सापडली. एक-दोन नव्हे, तीनशेच्या वर. खैराची. बरीचशी मुळांसकट उभी, जिथे वाढली तिथेच. पुढे अलेक्झांड्राच्या खोदाईतही सापडली. म्हणजे आज जिथे जहाजं लागतात तिथे कधीकाळी जमीन होती आणि तिच्यावर खैराचं रान. खैर काही खाऱ्या पाण्यात उगवत नाही.

प्लावित

@गोदीतला माणूस, ही माहिती नवीन होती. दंडवत. वाचनखूण साठवली.

बेसाल्टप्रेमी

खैराच्या जंगलाला जोडून थोडं. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, साधारण २० हजार वर्षांपूर्वी, जगभर समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हे 'बंदर' म्हणजे सरळ दरी होती आणि घारापुरी म्हणजे टेकडी. बर्फ वितळला तसं पाणी चढलं आणि सखल भाग बुडाला. पण प्रिन्स डॉकमधलं रान काही पार खोलात नव्हतं, त्यामुळे स्थानिक जमीनही खचली का, यावर भूशास्त्रज्ञांनी भरपूर डोकं लावलंय. पनवेलच्या पट्ट्यात दख्खनचे लाव्हाचे थर पश्चिमेकडे चांगलेच वाकलेले दिसतात. वीतभर मापाची नाही, कित्येक किलोमीटरची घडी आहे ती. म्हणजे इथली जमीन मुळातच शांत बसणाऱ्यांतली नाही.

मूळ धाग्याबद्दल: चिखल आहे म्हणून बंदर नाही, हे पटत नाही. डोंगराचा आडोसा ही निसर्गाचीच देणगी. गाळ उपसता येतो, साष्टी बेट विकत आणता येत नाही.

चिमणाजीअप्पांचा भक्त

सगळे इंग्रज-पोर्तुगीज चाललंय. महाराजांना हे बंदर बरोब्बर दिसलं होतं!! १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि लगेच जहाजं बांधायला सुरुवात. १६७९ मध्ये खांदेरी. थेट मुंबईच्या उंबऱ्यावर. इंग्रजांची झोप उडाली. जय शिवराय.

पुरावाद्या

खांदेरीचा उल्लेख योग्य आहे आणि या धाग्यात तो आधीच यायला हवा होता. बंदराचे तोंड दक्षिणेला, आणि त्या वाटेवर थळसमोर खांदेरी-उंदेरी ही बेटे. तिथे बसलेल्याला येणारे-जाणारे प्रत्येक जहाज दिसते. १६७९ च्या पावसाळ्यात मराठा आरमाराच्या मायनाक भंडारीने खांदेरीवर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. इंग्रजांचे 'रिव्हेंज' टिकले पण 'डव्ह' हे जहाज मराठ्यांनी धरले.

मला यातली खरी गंमत वेगळी वाटते. इंग्रजांची जहाजे मोठी, वाऱ्यावर अवलंबून, खोल पाण्याची. मराठ्यांची हलकी, वल्ह्यांची. रात्री वारा पडला की ती उथळ पाण्यातून सामान घेऊन बेटावर पोचत आणि इंग्रज बघत बसत. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. म्हणजे एकाच बंदरात एकाला खोली उपयोगी, दुसऱ्याला उथळपणा. वर मोऱ्याच्या लाँचने चिखलाबद्दल जे लिहिले तेच इथे लढाईत दिसते.

जंजिऱ्याच्या सिद्दीने मग शेजारची उंदेरी धरली आणि पुढची कित्येक दशके दोन्ही बेटे एकमेकांवर गोळे टाकत होती.

टवाळ

म्हणजे सोसायटीतली बी विंग आणि सी विंग.

चिमणाजीअप्पांचा भक्त

@पुरावाद्या, तेच तर म्हणतोय. आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला त्या १२ मध्ये खांदेरी आहे. हे पण लिहा.

पुरावाद्या

तुम्ही लिहिलेत की. सिद्दीवरून एक राहिले: जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार १६७० च्या दशकात पावसाळा काढायला माझगावला येऊन बसत असे. इंग्रजांना ते मुळीच आवडत नव्हते, कारण सिद्दी मुघलांचा, आणि त्याला आसरा दिला की महाराज नाराज. नाही दिला तर सुरतेचा व्यापार धोक्यात. धागाकर्त्याला विचारतो, चार महिने आरमार सुखरूप ठेवायला एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर सिद्दी माझगावच का निवडतो? 'नैसर्गिक' आणखी कशाला म्हणतात?

फोंड्याची पोरगी

पोर्तुगीज मूर्ख होते असा एकंदर सूर दिसतोय. गोव्यातून लिहितेय, म्हणून बाजू मांडते. 😄

त्यांची मोठी जहाजं लिस्बनहून थेट गोव्याला यायची. राजधानी इथे, मांडवीचं मुख इथे, गोदामं इथे. उत्तरेत त्यांना जमीन, भात आणि वसूल हवा होता. त्याला वसई बरी. दुसरं खोल बंदर सांभाळायला माणसं आणायची कुठून? बरं, ज्याला बंदराची किंमत कळली नाही म्हणता तो व्हाइसरॉय अंतोनिओ द मेलो इ कास्त्रो, त्यानं १६६२ मध्ये मुंबई द्यायला साफ नकार दिला होता. ताबा घ्यायला आलेला इंग्रज अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक बिचारे खाली कारवारजवळ अंजदीव बेटावर अडकले, आणि बहुतेक सगळे तिथेच तापानं मेले, शिपमनसकट. ताबा मिळाला तो १६६५ मध्ये. आंदण दिलं लिस्बननं. इथल्यांना काय देतोय ते चांगलं माहीत होतं.

नकाशेबाज

@फोंड्याची पोरगी, शिपमनची गोष्ट वाचली होती, पण नकार देणाऱ्याच्या बाजूनं कधी बघितली नव्हती. माझा मुद्दा तरी उरतोच: राजाला न कळलेलं, कंपनीला भाड्यानं मिळालेलं बंदर. कंपनीनं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला हलवायला १६८७ उजाडलं. आणि त्यानंतरही शंभरेक वर्षं मुंबई व्यापारात सुरतेच्या मागेच.

सागवान

त्या शंभर वर्षांत इथे जहाजं बनत होती! १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आले, आणि मग वाडियांच्या पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधत राहिल्या. मलबारी साग, इंग्लंडच्या ओकपेक्षा जास्त टिकणारा. १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही तरंगतंय, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ चा नानकिंगचा तह झाला, ज्यात हाँगकाँग ब्रिटिशांना मिळालं. एक बंदर मुंबईत बनलेल्या जहाजावर दुसऱ्याच्या खिशात गेलं. आणि 'मिंडेन' या मुंबईच्या जहाजावर बसून अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं!

पुरावाद्या

मिंडेनची गोष्ट सगळीकडे फिरते, पण खरी नाही. ते गीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की त्या रात्री बाल्टिमोरपाशी एका अमेरिकी जहाजावर होता, आणि मिंडेन तिथून अर्ध्या जगापलीकडे.

सागवान

तुम्ही लग्नात पण आहेराच्या पावत्या मागता का हो?

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गिरणगाव

अवांतर, पण बंदराचा इतिहास म्हटलं की आमच्या घरात एकच तारीख. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, वर कराचीला भरलेला कापूस, तेल, आणि सोन्याच्या विटा. आग लागली, विझेना, दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. माझे आजोबा तेव्हा मशीद बंदरला पेढीवर कामाला. काचा फुटून अंगावर आल्या ती खूण कपाळावर शेवटपर्यंत होती. पळताना वरून जळता कापूस पडत होता, असं सांगायचे.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचा सरकारी आकडा आठशेच्या आसपास, पण गोदीतल्या रोजंदारीच्या माणसांची मोजदाद कुणी ठेवली होती? आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो यामुळे.

गोदीतला माणूस

बरोबर. स्फोटानं उडालेली सोन्याची एक वीट लांब एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्यांनी ती परत केली. बाकीच्या गाळात. आम्ही नोकरीला लागलो तेव्हाही ड्रेजरवरच्या माणसाला सगळे थट्टेनं विचारायचे, "आज काय लागलं?"

शेवंताबाई

माझं माहेर अलिबागकडचं, तिथे ती तारीख म्हणजे १७ जुलै १९४७. रामदास बोट. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ अमावस्या, सणाला गावी निघालेली माणसं. करंजापुढे काशाच्या खडकाजवळ वादळात कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. संध्याकाळपर्यंत मुंबईत पत्ताच नव्हता. जे वाचले त्यांतले बरेच रेवसच्या कोळ्यांच्या होड्यांनी वाचवले. आमच्या आळीत त्या अमावास्येला कुणी मुंबईचा प्रवास करत नसे, कारण विचारायचीही सोय नव्हती.

वर लिहिलंय की आत पावसाळ्यातही जहाज स्वस्थ राहतं. मोठं राहत असेल. लहान्या बोटीला बंदराच्या तोंडाशी जुलै-ऑगस्ट म्हणजे बाहेरचाच दर्या.

प्लावित

🙏

घाटमाथा

सगळे पाण्याकडे तोंड करून बोलताय. पुण्याकडून बघा.

बंदराची किंमत त्याच्या पाठीमागे काय आहे यावर ठरते. मुंबईच्या पाठीमागे काय होतं? सह्याद्रीची भिंत, आणि भिंतीपलीकडे पेशवाई. १८१८ पर्यंत कंपनीच्या गव्हर्नरानं खिडकीतून पूर्वेला बघितलं तर दुसऱ्याचं राज्य दिसायचं. पेशवाई बुडाली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत रेल्वे, १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे, आणि ती खणताना हजारो मजूर मेले. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव. १८६९ मध्ये सुएझ उघडला. ओळीनं बघा ना: १८६३, १८६९, मग १८७३ ला पोर्ट ट्रस्ट, १८८० ला प्रिन्स डॉक. सतरा वर्षांत खेळ झाला. आधीची माळव्याची अफूही याच बंदरातून चीनला जायची, ज्यावर मुंबईतली निम्मी धर्मादाय नावं उभी आहेत, पण तो वेगळा धागा होईल.

म्हणून नकाशेबाजांना माझं उत्तर: बंदर आधी दिसलं नाही असं नाही. घाट फुटेपर्यंत आणि जहाजं एवढी मोठी होईपर्यंत त्याचा उपयोग नव्हता. कल्याण आणि पनवेल बैलाला जवळ होतं, तेव्हा तेच बंदर. रेल्वेला बोरीबंदर जवळ, मग ते.

मोऱ्याची लाँच

+१. आणि ट्रेलरला न्हावा-शेवा जवळ, आता ते. हा पुढचा भाग कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहितो.

इंदिरा डॉकचं लॉक, म्हणजे आत शिरायची वाट, १०० फूट रुंद. त्याहून रुंद जहाज आत जाणार कसं? बाहेर पडणारा माल मुंबईच्या गल्ल्यांतून. म्हणून १९८९ मध्ये पलीकडच्या काठावर, आमच्याकडे, नवं बंदर सुरू झालं. तेच पाणी, तेच तोंड, फक्त समोरचा काठ. आज देशातल्या कंटेनरचा मोठा हिस्सा तिथून जातो. त्यासाठी भातशेती गेली, मिठागरं गेली, मासेमारीच्या जागा गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघरला जमिनीच्या भावासाठीच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांनी तो लढा लढला, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्यातून आलं. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाला त्यांचं नाव देण्यासाठी एवढं रान का पेटलं ते ज्यांना कळलं नव्हतं त्यांच्यासाठी.

नकाशेबाज, तुम्ही म्हणता बंदर माणसांनी केलं. बरोबर. कोणाच्या जमिनीवर, तेही लिहा.

नकाशेबाज

मान्य, आणि लिहायला तुमच्याहून योग्य कुणी नाही. १९८४ वर स्वतंत्र लेख लिहाच, विनंती.

वाशी लोकल

मला एक कळत नाही. हार्बर लाईनवर जन्म गेला. वाशीचा पूल सोडला तर हार्बर दिसलंच नाही! रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी: नुसती गोदामं आणि भिंती. मुंबईकराला समुद्र म्हटलं की मरीन ड्राइव्ह आणि जुहू. म्हणजे पश्चिम. ज्या बाजूमुळे शहर झालं ती बाजू पोर्ट ट्रस्टच्या कुंपणाआड. गेटवे एवढीच काय ती खिडकी.

बेसाल्टप्रेमी

शिवडीला जा की. किल्ल्याजवळ, हिवाळ्यात, रोहित पक्षी बघायला. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्य केलं आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. ज्या चिखलाला धागाकर्ते नावं ठेवताहेत त्याच चिखलातलं खाऊन हजारो पक्षी जगतात. आता वरून अटल सेतू गेलाय, २१.८ किलोमीटर, त्यातला १६.५ पाण्यावर. पुलावरून गाडीत बसून पहिल्यांदा लोकांना कळलं की मुंबईचं बंदर केवढं आहे.

टवाळ

आणि टोल भरताना कळलं की अजून केवढं असायला हवं होतं.

सिडनीवासी सावंत

@वाशी लोकल, हा फरक मला इथे आल्यावर फार जाणवला. सिडनीत कामावर जायला फेरी, काठाने चालायची वाट, सगळं बंदराकडे तोंड करून. अर्थात मोठी मालवाहतूक इथेही शहराच्या बंदरातून उठून त्याच बॉटनी बेला गेली, ज्याला १७८८ मध्ये नाकारलं होतं. उपसा केला, भर घातली, झालं बंदर.

घाटमाथा

@सिडनीवासी सावंत, वा! नाकारलेली जागा दोनशे वर्षांनी बंदर. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

बेसाल्टप्रेमी

पुरावा माझ्या बाजूचाही आहे. उपसा आणि भर कुठेही करता येते, तरी मोकळ्या किनाऱ्यावर करायची तर समुद्रात बांध घालावा लागतो. त्याचा खर्च बघा.

नकाशेबाज

तीच पाळी आता आपल्यावर आहे. पालघर जिल्ह्यात वाढवणला २०२४ मध्ये पायाभरणी झाली. तिथे आडोसा नाही, साष्टी नाही, उघडा समुद्र. पण सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली. आजच्या अजस्र कंटेनर जहाजांना तीच हवी, आडोसा काँक्रीटनं करू म्हणतात. मच्छीमारांचा विरोध आहे, डहाणूच्या पर्यावरणाचा प्रश्न आहे, तो भाग मोऱ्याच्या लाँचनं लिहिलेल्या गोष्टीसारखाच.

चर्चेनंतर माझं मत थोडं सरकलंय. 'नैसर्गिक' म्हणजे आडोसा, एवढं बेसाल्टप्रेमींचं घेतो. पण सिद्दीला चार महिन्यांचा आडोसा पुरत होता, कापसाच्या आगबोटीला गोदी लागली, आणि २४ हजार कंटेनरच्या जहाजाला आडोशापेक्षा खोली महत्त्वाची. उद्या मोठी जहाजं वाढवणला गेली, तर आतल्या या ४०० चौरस किलोमीटरचं काय करायचं?

वाशी लोकल

फेरी! फेरी! फेरी! भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो २०२० पासून आहे आणि पावसाळ्यातही बऱ्यापैकी चालते. ठाणे, वाशी, बेलापूर, उरण, सगळीकडे सोडा.

गोदीतला माणूस

सोडाल, पण गाळ कोण उपसणार? वाशीकडे खाडी उथळ आहे. वाट उपसली की दोन पावसाळ्यांत पुन्हा भरते. याआधी ठाणे-वाशीकडच्या जलवाहतुकीच्या घोषणा किती झाल्या ते जुन्या वर्तमानपत्रांत बघा.

फोंड्याची पोरगी

आमच्याकडे फेरी चिखलातही चालते. चालवायची इच्छा लागते.

शेवंताबाई

शिवडीला रविवारी नातवंडांना घेऊन जायचं म्हणतेय. कधी गेलं तर पक्षी जवळ दिसतात?

मोऱ्याची लाँच

ताई, घड्याळ बघून जाऊ नका, भरतीचं वेळापत्रक बघा. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात, पूर्ण भरतीला उडून गेलेले. भरती चढायला लागून तासभर झाला की पाणी त्यांना काठाकडे ढकलतं, तेव्हा पोचा. आणि नातवंडांना जुने बूट घाला.